विभागवार्ता, डिसेंबर

चाळीस शब्दांत बसवायचं असतं एकेक.
कुणाचा प्रबंध मान्य झाला, कुणाला मुलगी झाली,
तिसऱ्या मजल्यावरचं कॉफीयंत्र कधी सुधारणार.
सोळा वर्षं मी तार्तूच्या या गणित विभागाची वार्ता लिहिते.
मला स्वतःला अपूर्णांकांपुढचं काही येत नाही.

पहिली बातमी:
खोली दोनशे अठरामधला फळा काढला.
चार माणसं लागली. कौपो म्हणाला,
इतके खोल रुतलेले खिळे त्यानं फक्त चर्चमध्ये पाहिलेत.
मागची भिंत फिकट हिरवी निघाली
आणि तिच्यावर पेन्सिलीनं कुणा गवंड्याची बेरीज,
रूबलमधली,
हातचा मिळवायला विसरलेली.

आता तिथं पडदा आहे.
बोटानं लिहा, तळव्यानं पुसा,
पुसलेलं हवं तर परत बोलवा.
राउदसिक सरांनी दोन बोटं टेकवली मात्र,
त्यांचं समीकरण टपाल तिकिटाएवढं होऊन
कोपऱ्यात जाऊन बसलं.
"हे माझ्याहून उतावीळ आहे," ते म्हणाले.
हे मी बातमीत घेतलं नाही.

दुसरी:
सप्टेंबरपासून व्याख्यानं आपोआप चित्रित होतात,
तळाशी उपशीर्षकं उमटतात.
यंत्राला एस्टोनियन बरी कळते.
नुसता खडू चालला, की ते लिहितं: संगीत.
पण सीमा हा शब्द आमच्याकडे एकच,
फलनाची तीच, देशाची तीच.
सर म्हणाले, डावीकडून सीमेजवळ जाताना जपून,
आणि यंत्रानं खाली
सीमारक्षकांचा फोन नंबर सुचवला.
वर्ग हसला.
नार्वाहून आलेली दोघं जरा उशिरा हसली,
आणि लवकर थांबली.

तिसरी बातमी अजून लिहून होत नाही.

कौपोनं आकडे काढून दिले:
कुठलं मिनिट किती वेळा पाहिलं गेलं.
नववं व्याख्यान, चौतिसावं मिनिट.
सरांना तीन ओळी वर एक चिन्ह चुकलेलं दिसतं.
ते थांबतात.
खडू बोटांत, पाठ आपल्याकडे,
उजवा खांदा किंचित वर.
उपशीर्षकांची पट्टी रिकामी. संगीतसुद्धा नाही.
सात मिनिटं.
कुणीतरी खोकतं. रेडिएटर टिकटिकतो.
मग सर बाहीनं तीन ओळी पुसतात,
म्हणतात, "इथून परत."

हा तुकडा चारशे बारा वेळा पाहिलाय.
पुढे सिद्धता आहे, पाच ओळींची, लख्ख.
ती एकोणीस वेळा.

मला वाटलं, पोरं चेष्टा करत असतील.
मग लीसबेतचा मेल आला, हीउमा बेटावरून.
वडिलांच्या आजारपणात ती घरी असते,
फेरी बंद पडली की आठवडा आठवडा तिकडेच.
तिनं लिहिलंय, गृहपाठ करताना
मी तेवढीच सात मिनिटं लावून ठेवते.
खोलीत आणखी कुणी विचार करत बसलंय
असं वाटतं.

जानेवारीत नवी प्रणाली येतेय.
ती शांतता आपणहून गाळते.
तासाचं व्याख्यान एकेचाळीस मिनिटांत, असं पत्रकात आहे,
आणि ती खूण आधीच केलेली असते,
मागावी लागत नाही.

साडेतीनला अंधार पडला.
नदीवर बर्फाचा पापुद्रा धरू लागलेला.
मी तळघरात कौपोकडे गेले.
फळा तिथं सायकलींमागे उभा आहे,
वर कुणी लिहिलंय: हलवू नये.
अक्षर सरांचं नाही.
"ती खूण काढता येते का?"
कौपोनं मान वर केली नाही. "येते की," म्हणाला,
"कुणी विचारलंच नव्हतं."
एक चौकोन. एक टिचकी.

वर येऊन बातमी लिहिली:
नवी प्रणाली, तारीख, अडचण आल्यास खोली क्रमांक.
मोजले तर एकोणचाळीस शब्द.
एक हातचा ठेवला.